खणाची मूठ

लिलावासाठी हारलनने गाडीचे एकशे चाळीस फोटो काढले, आणि त्यातल्या एका फोटोने त्याचा घात केला.

गाडी म्हणजे १९६८ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. ओहायोतल्या घरामागच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून त्याने तिचा सांगाडा पुन्हा उभा केला होता. रंग कारखान्याचा, इंजिनवरचा आकडा गाडीवरच्या आकड्याशी जुळणारा, स्क्रूसुद्धा त्याच सालचे. पण आता त्याचा डावा गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून काळजावर दगड ठेवून त्याने गाडी इंटरनेटवरच्या लिलावात काढली. फोटोंआधी एकच काम राहिलं होतं. गिअरच्या दांड्यावरची मूठ काढून तिथे जुन्या बनावटीची लाकडी मूठ बसवायची होती. ती डब्यात तयारही होती. हारलन विसरला.

तिसऱ्या दिवशी ‘गंजका नट’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी फोटोंखाली लिहिलं, "गाडी नवरीसारखी सजवलीत, आणि गिअरला हे काय? संडासाच्या दाराची मूठ?"

मूठ चिनी मातीची होती. पांढरी, वर निळं फूल.

या लिलावांत माणसं गाडीपेक्षा खालचा वाद जास्त मन लावून वाचतात, आणि विचारल्यावर जो विकणारा गप्प बसतो तो चोर ठरतो. हारलन तीन दिवस गप्प बसला. तोवर कुणी म्हणालं, ही कॅनडातली दुर्मिळ मूठ आहे. कुणी म्हणालं, कॅनडात माणसं इतकी वाईट नसतात. मग गंजक्या नटाने ठेवणीतला बाण काढला, "मूठ खोटी, तर इंजिनचा आकडा तरी खरा कशावरून?" आणि बावन्न हजार डॉलरांवर बोली ठप्प झाली.

हारलनला इंजिनचा अपमान सहन होईना, आणि खरं सांगायची तर छातीच नव्हती. कारण ती मूठ स्वयंपाकघरातल्या खणाची होती. बायकोच्या. गेली पंचेचाळीस वर्षं नदीन तो खण उलटा चमचा खुपसून उघडत होती, आणि घरात व्हर्ला असली तर उघडताना तिच्याकडे बघत होती. व्हर्ला म्हणजे हारलनची धाकटी बहीण. नदीनच्या बाळंतपणाच्या वेळी चार दिवस घर व्हर्लाच्या ताब्यात होतं, नदीन परत आली तर मूठ गायब. बस्स, तेव्हापासून नणंद-भावजयीचं जे बिनसलं ते बिनसलंच. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला अक्रोडाच्या केकचा करपलेला कोपरा नेमका व्हर्लाच्या ताटलीत पडे. ती बिचारी मुकाट्याने खाई, आणि हारलन मान खाली घालून बटाटे चिवडत बसे.

शेवटच्या दिवशी, लिलाव संपायला पाव तास असताना, त्याने एका बोटाने टाईप केलं:

"फेब्रुवारी १९७९. बायकोला कळा सुरू झाल्या. थंडीने गिअरची मूठ तडकून हातात आली. नुसत्या दांड्याने गिअर पडेना, म्हणून हाताला लागली ती खणाची मूठ बसवली. बर्फातून सव्वीस मैल गेलो. मुलगी झाली. पुढे ती मूठ काढायला मन होईना. आळ माझ्या बहिणीवर, व्हर्लावर गेला. मी घाबरट माणूस आहे. इंजिन मात्र खरं आहे."

नदीन संगणकाकडे फिरकत नसे, आणि व्हर्ला त्यावर फक्त पत्ते खेळते अशी त्याची समजूत होती. दहा मिनिटांत खाली नवं उत्तर उमटलं: "हारलन, मी व्हर्ला. तिला फोन लावतेय."

आतून फोनची घंटा ऐकू आली.

आता या लिलावाचा नियम असा, की शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली तर लिलावाची वेळ आणखी दोन मिनिटांनी वाढते. वेळ संपत आली आणि बोलीवर बोली पडू लागली. पंचावन्न. अठ्ठावन्न. हारलन हरखला. मग त्याने खालचा मजकूर वाचला.

"बायको काय म्हणाली?"

"पान बंद झालं तर कळणार कसं? लावा रे कुणीतरी बोली!"

एकसष्टवर गंजक्या नटाने बाजी मारली, तोवर दारात नदीन उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्यात चमचा.

"पंचेचाळीस वर्षं, हारलन!"

"मी सांगणारच होतो."

"कधी? माझ्या दफनाला?" तिने फोन तोंडाशी नेला. "व्हर्ला, माझं चुकलं गं. तू एका शब्दाने कधी बोलली नाहीस."

 फोनमधून व्हर्ला रडवेल्या आवाजात म्हणाली, "मूठ मी नाही घेतली, नदीन. पण तुझ्या आईचं ते केकचं गोल भांडं आहे ना..."

"ते हरवलं."

"ते माझ्याकडे आहे. त्याच चार दिवसांत नेलं. परत द्यायची लाज वाटली. तू चमचा घेऊन बघायचीस, मला वाटायचं तुला भांड्याचंच कळलंय."

नदीनने डोळे मिटले. गोल भांडं गेल्यापासून ती चौकोनी भांड्यात केक करत होती, म्हणून तर त्याचे कोपरे करपत. आधी तिचे खांदे हलले, मग ती खो खो हसत सुटली.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"अगं, गाडी विकली! मीटर पुढे जाईल!"

"मग लिही तुझ्या त्या लोकांना. व्हर्लाकडे जाऊन येऊन चाळीस मैल. कारण, केकचं भांडं."

"आणि माझा गुडघा?"

"तुझा दुखतो. माझे दोन्ही धड आहेत. बाबांच्या शेतावर ट्रक कोण चालवायचं?"

त्या बर्फातल्या दिवशी, पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेतलेली नदीन आज चक्क स्टिअरिंगमागे बसली. निळ्या फुलावरून तिने अंगठा फिरवला.

"जाऊ दे गाडीबरोबर. मला चमच्याची सवय झालीय."

हारलनला राहवलं नाही. "नदीन, त्या दिवशी सव्वीस मैल तू इथे शेजारी बसली होतीस. तुला मूठ दिसली कशी नाही?"

"दिसणार कशी? सगळी वाट मी तुझा हात घट्ट धरला होता. मूठ त्याच्याखाली होती."

 हारलनने आपला हात तिच्या हातावर ठेवला, आणि नदीनने पहिला गिअर टाकला.