जपानच्या पैशावर ठरलेलं लग्न

आमच्या वैशाखरे गावच्या रस्त्यावरून पांढरी गाडी गेली की आमचे काशिनाथ भाऊजी ओट्यावरून उठतात, दोन्ही हात मांड्यांना चिकटवतात आणि कमरेतून वाकतात. गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकलेलेच राहतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि त्यांतल्या निम्म्या पांढऱ्या असतात. सोमवारी भाऊजींची कंबर धरते आणि सुनी, त्यांची मुलगी, तेल चोळत बसते. एकदा एका बाईंनी काच खाली करून त्यांच्या हातावर वेफर्सचा पुडा ठेवला. म्हातारा काहीतरी मागतो आहे असं वाटलं असणार. भाऊजींनी तो पुडा न फोडता मला आणून दाखवला.

"बघा वयनी, पार्टी पॉझिटिव हाय."

पार्टी म्हणजे जपान. भाऊजी शहापूरला कुणाच्या तरी बाराव्याला गेले होते, तेव्हा त्यांनी पांढऱ्या गाडीतून उतरलेली रेल्वेच्या मोजणीची माणसं पाहिली. तेव्हापासून पांढरी गाडी म्हणजे जपान, आणि जपानी माणसाला वाकून नमस्कार करतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

भाऊजी माझे चुलत दीर. मुरबाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. 'येतेय, येतेय, घाटातून सुटली' असं न सुटलेल्या गाडीबद्दल सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि त्यांना दुसरी न सुटलेली गाडी सापडली. गुजरातकडे जाणारी जलद रेल्वे जपानच्या कर्जावर होते आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तशीच एक नागपूरला जाईल आणि ती शहापुरावरून जाईल, असं अधूनमधून पेपरात येतं. पुढचा मार्ग भाऊजींनी स्वतः आखला. शहापूरला जपानचा पैसा आला की मुरबाडला फाटा, आणि मुरबाडला फाटा आला की वैशाखरे किती लांब?

मुरबाडला अजून साधी रेल्वेही आलेली नाही. शहापूर आमच्यापासून दोन एसट्या दूर. त्या मार्गात भाऊजींची एक गुंठा जमीन जात नाही. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "बाहेरचा पैसा हाय, वयनी. फायनल नाय, पण प्रोसेसमदी हाय."

हे उत्तर त्यांना कशालाही चालतं. नळाला पाणी नाही? प्रोसेसमदी हाय. गुडघ्याचं ऑपरेशन? प्रोसेसमदी. मुरबाडच्या बँकेत दर बाजाराच्या दिवशी जाऊन ते येनचा भाव विचारतात. तिथला क्लार्क पीककर्ज सोडून दुसरं काही जाणत नाही. तो बिचारा मनाला येईल तो आकडा सांगतो आणि भाऊजी तो वहीत उतरवून घेतात. मध्यंतरी त्यांनी बांबूच्या दोन काड्या तासल्या आणि भात त्या काड्यांनीच खायचं ठरवलं. आमचा कोलम मोकळा शिजतो. एका घासाला एक शीत. चार दिवसांत गाल बसले, तेव्हा सुनीने काड्या चुलीत घातल्या.

टपरीवर त्यांना सगळे जपानच म्हणतात.

"काय जपान, आला का हप्ता?"

"तुज्यासारक्याला विचारून देनार हाय का रे तो? च्या टाक गुपचूप."

इथवर मला काही अडचण नव्हती. गावात एक वेडा असावा, पाहुण्यांना दाखवायला बरा. अडचण झाली ती सुनीच्या याद्यांच्या दिवशी.

सुनीची आई जाऊन सहा वर्षं झाली. घरात बापलेक दोघंच. सुनी मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिथेच डोळखांबकडचा प्रकाश सुपरवायझर होता. दोघांनी आपसांत ठरवलं, मग घरच्यांनी ठरवलं. मुलगा चांगला, माणसं साधी. याद्या करायला पाहुणे आले. पाट मांडले, नारळ-सुपारी ठेवली. माझं अक्षर बरं म्हणून कागद माझ्या हातात. वऱ्हाड किती, मानाच्या साड्या कुणाकुणाला, हळद कुणी आणायची, सगळं भराभर झालं. शेवटी तारीख आली.

भाऊजी म्हणाले, "लिवा वयनी. जपानचा पैसा आल्यावर."

मला वाटलं थट्टा. ते माझ्याकडे पाहत राहिले.

मुलाच्या मामांनी विचारलं, "म्हंजे कधी, पावनं?"

"प्रोसेसमदी हाय."

मामांना वाटलं, भाऊजींचा कुणी नातेवाईक जपानात नोकरीला आहे. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि खाली सही केली. पाच माणसांनी सह्या केल्या. आमच्याकडे याद्यांवर सह्या झाल्या की त्यातलं अक्षर बदलत नाही. ते वाक्य माझ्याच हाताने लिहिलं, याचा राग मला आजही येतो.

दोन वर्षं गेली. मांडववाला, आचारी, बँडवाला यांचे फोन नंबर मी लिहून ठेवले होते. त्यांतल्या बँडवाल्याने धंदा बदलला. प्रकाशची आई दर महिन्याला मला फोन करायची. "ताई, जपानचं काय झालं ओ?" काय सांगणार? कधी भाऊजी म्हणत, तिकडे सरकार बदललं. कधी म्हणत, येन पडला. सुनी एक दिवस माझ्याकडे भांडी घासायचा काथ्या मागायला आली आणि उंबऱ्यातच बसून राहिली.

"काकी, बाबांना जपानला जायचं आसंल तर जाऊ दे गो. मला डोळखांबला जाऊ दे."

हसू येण्याजोगं बोलली, पण ती हसत नव्हती. प्रकाशच्या घरी दुसऱ्या मुली पाहायला लागले होते. शिमग्यापर्यंत वाट बघू, असं मामांनी कळवलं होतं. ते मी भाऊजींना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

शिमग्याला आठ दिवस असताना पेपरात बातमी आली. शहापूरकडच्या मार्गात पैसा घालायला बाहेरचे लोक तयार झाले. खरी की खोटी ते पेपरवाल्यांना ठाऊक. ती छापलेली होती, मला तेवढं पुरे होतं. मी याद्यांचा कागद आणि पेपर पिशवीत टाकला आणि निघाले. टपरीवर पोरं ओरडत होती, "जपान, पेढे कुठंयत?" भाऊजी मान खाली घालून तिथून घरी गेले म्हणे. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

सुनी कामावर गेली होती. भाऊजींनी चष्मा लावून बातमी तीनदा वाचली.

"तयार झालेत, लिवलंय. दिला, आसं नाय लिवलं."

"भाऊजी, पुरे."

"माती तपासायची हाय आजून. पूल हाय. बोगदा हाय. डोंगर हाय वयनी, डोंगर!"

"मग सुनीचं लग्न बोगद्यात लावायचंय का?" माझा आवाज चढला. "त्या गाडीत तुमची जमीन नाही. ती तुमच्यासाठी थांबणार नाही. थांबली तरी तिकीट तुम्हाला झेपणार नाही. पोरगी सत्तावीसची झाली. आठ दिवसांत हे स्थळ जाईल. मग काय जपानहून नवरा मागवणार?"

मला वाटलं, येनबद्दल काहीतरी बोलतील. ते उठले आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले.

"या दाराला आमी कंदी कुलूप लावलं नाय, वयनी."

"मग?"

"आई व्हती. मंग सुनीची आई व्हती. आता सुनी डूटीला गेली का मी आसतो, मी बाजारात गेलो का ती. कडी सारली का झालं. ती गेल्यावर पेपर आनायला जायचं म्हनलं तरी कुलूप लावायला लागंल. मीच लावायचं, आनि आल्यावर मीच उघडायचं."

मी पेपराची घडी घातली.

"बाहेरच्या पैशाला लय टाइम लागतो, आसं समदी म्हनत व्हती," ते म्हणाले. "मला वाटलं, लागंल."

दोन वर्षं मी या माणसाला वेडा म्हणत होते. मूर्ख तर तो आहेच. पोरीला घरात ठेवायचं म्हणून त्याने एक अख्खा देश कामाला लावला, आणि तो देश वेळेच्या आधी आला. तारीख मात्र मी सोडली नाही. वैशाखातला पहिला चांगला दिवस त्यांच्यासमोर कागदावर घातला आणि तिथूनच डोळखांबला फोन लावला.

लग्नाच्या बाजाराला मुरबाडला गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात थांबले आणि चांगलं जड पितळी कुलूप घेतलं. दुकानदार म्हणाला, चाव्या दोनच येतात. मी म्हटलं, तिसरी घासून द्या, मी थांबते.

लग्न मुलाच्या दारी होतं. सकाळी सगळे जीपमध्ये बसले आणि भाऊजी एकटेच दाराशी राहिले. मी दिलेलं कुलूप त्यांनी कडीत घातलं, पण चावी फिरेना. कुलूप नवं होतं. त्यांनी कुलपाच्या कंपनीला दोन शिव्या दिल्या. शेवटी सुनी मुंडावळ्या सावरत जीपमधून उतरली. हिरव्या चुड्याचा हात पुढे करून तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, एक चावी मला दिली, एक बापाच्या खिशात घातली. तिसरी पदराच्या टोकाला बांधली.

"ही माजी," ती म्हणाली. "मी आले का माजं मी उघडीन. तुमी घरात नसलात तरी."

भाऊजींनी खिशावर हात ठेवला आणि मान वळवून ड्रायव्हरवर ओरडले, "चल रे, टाइम झाला!"