साहेबांचं पाणी

बादली उचलायची नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. जगात माणसं याहून मोठमोठे निर्णय घेतात आणि सुखाने झोपतात. मी एक बादली टाळायला गेलो आणि तीन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. (त्याआधी ते ठिकाणावर होतं का, असं आमच्या घरात विचारलं जातं. आपण तिकडे लक्ष देऊ नये.)

त्याचं असं झालं, माझे सासरे लहान घरात राहायला गेले आणि त्यांचा मासा आमच्याकडे आला. सोनेरी, तळहाताएवढा, नऊ वर्षांचा. सासरे हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. माशाचं नाव त्यांनी ‘साहेब’ ठेवलं होतं, कारण तो दिवसभर काचेच्या खोलीत बसून तोंडाची उघडझाप करतो आणि कामाचं काही बोलत नाही. काचेची जड टाकी त्यांनी दिली माझ्या हातात, पण बोलले मुलीशी.

"याचं पाणी रोज थोडं थोडं बदलायचं. नाही बदललं तर पंधरवड्यात जाईल बिचारा. तूच बघ. ह्यांना हात लावू देऊ नकोस."

ह्यांना म्हणजे मला. टाकी धरून माझे हात भरून आले होते, तरी ते वाक्य जास्त लागलं. अहो, मी सोळा वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करतो! (तक्रार विभागात. पाण्याशी माझा संबंध कागदोपत्रीच येतो, पण ते कागद पुष्कळदा ओले असतात.) सासरे तीन आठवड्यांनी, रविवारी, साहेबांना भेटायला येणार होते. तोवर जावई काय चीज आहे ते त्यांना दाखवायचंच, असं मी ठरवलं. बायकोला म्हटलं, उद्यापासून साहेबांची जबाबदारी माझी, तू बघूसुद्धा नकोस. ती बरं म्हणाली.

चार दिवस मी बादलीने पाणी बदललं. सतरंजी दोनदा भिजली, कंबर धरली, आणि एकदा तर साहेबच बादलीतून गॅलरीपर्यंत जाऊन आले. पाचव्या दिवशी मी बादली कायमची खाली ठेवली आणि यंत्र बसवायला घेतलं.

यंत्र अगदी सोपं. गॅलरीच्या कोपऱ्यात उंच टेबलावर ताज्या पाण्याचा निळा ड्रम. त्यातून बारीक नळीने आत खोलीतल्या टाकीत थेंब थेंब पाणी पडणार, दिवसाला साधारण बादलीभर. टाकीतलं जास्तीचं जुनं पाणी दुसऱ्या नळीने खालच्या बादलीत उतरणार. बादली अर्धी भरली की त्यातला तरंगता गोळा वर येणार, पंप घूंऽ करून आपोआप सुरू होणार आणि ते पाणी गॅलरीतल्या मोरीत फेकून देणार. म्हणजे माणसाचं काही कामच नाही. पहिल्यांदा घूं झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने वाजवल्या, पण वाजवल्या.

आईने एकच प्रश्न विचारला. हे काढलेलं पाणी जातं कुठे? मी म्हटलं, मोरीत. सगळं? सगळं. मग ती काही बोलली नाही. आई काही बोलली नाही की मी ती संमती धरतो. ही चूक मी गेली चाळीस वर्षं करत आलोय.

आता आम्ही कार्यालयातली माणसं, मोजल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ड्रमच्या झाकणाला पुढून एक भोक होतं, त्यातून मी रोज संध्याकाळी ऑफिसची लाकडी पट्टी आत घालायचो आणि वहीत आकडा लिहायचो. पहिल्या दिवशी पन्नास सेंटीमीटर. तिसऱ्या दिवशीही पन्नास. मला वाटलं, पट्टी चुकली. आठव्या दिवशी त्रेपन्न.

मी चष्मा पुसला, पट्टी पुसली आणि पुन्हा बघितलं. त्रेपन्न.

ड्रममधून पाणी टाकीत पडत होतं, हे मी डोळ्यांनी बघत होतो. टाकीतून बादलीत येत होतं. पंप इमानेइतबारे दिवसातून दोनदा घूं करत होता. ड्रममध्ये वरून थेंबभर पाणी कुणी घातलेलं नव्हतं. आणि पाणी वाढत होतं! आमच्या खात्यात पाणी कमी कसं होतं हे कुणालाच कळत नाही, पण ते वाढल्याची तक्रार माझ्या उभ्या कारकिर्दीत आलेली नव्हती. मी जेवताना तर्क लढवू लागलो. हवेतून ओल येत असेल. भिंतीतून झिरपत असेल. एकदा तर मला साहेबांचाच संशय आला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल." आईला सांगितलं तर ती म्हणाली, पाणी वाढतंय तर वाढू दे की, रडतोस कशाला.

शेवटी मी ऑफिसातल्या गळती तपासणाऱ्याला घरी आणलं. जमिनीला लोखंडी काठी लावून खालच्या पाइपात काय चाललंय ते तो ऐकतो, म्हणून त्याला सगळे ‘कान’ म्हणतात.

"गळती कुठे आहे?" त्याने विचारलं.

"गळती नाही. पाणी वाढतंय."

"वाढतंय?"

"हो."

"मग तक्रार कुणाची आहे?"

"माझीच."

त्याने काठी ड्रमला लावली, भिंतीला लावली, नंतर थोडा वेळ माझ्या डोक्याकडे बघितलं, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल रीतसर माझ्याच टेबलावर आला. ‘पाइप ठीक. तक्रारदार गोंधळलेला आहे.’ मी त्यावर ‘नोंद घेतली’ असं लिहून फाइल बंद केली. दुसरं काय करणार?

रविवारी सासरे आले तेव्हा ड्रम काठोकाठ भरला होता. साहेब मात्र ठणठणीत होते. मासा बघून सासऱ्यांचे डोळे जरा पाणावलेच. मी म्हटलं, हीच वेळ. त्यांना गॅलरीत नेलं, सगळं समजावून सांगितलं, आणि आमच्या यंत्रात पाणी कमी होत नाही, उलट वाढतं, हेही शोध लावल्यासारखं सांगून टाकलं. तेवढ्यात आत पंप घूं करू लागला आणि ड्रमच्या झाकणाखालून पाण्याचा लोंढा सासऱ्यांच्या पँटीवर आला.

सासरे हलले नाहीत. हेडक्लार्क माणूस, फाइल कुठून निघाली आणि कुठे गेली हे शोधण्यात आयुष्य गेलेलं. भिजलेल्या पँटीनेच ते ड्रमपासून नळीवर बोट ठेवून निघाले. ड्रममधून टाकी, टाकीतून बादली, बादलीतून पंप, पंपातून नळी, नळी पुन्हा गॅलरीत, मोरीजवळून वर, ड्रमच्या मागे, आणि झाकणाच्या मागच्या भोकातून आत. ड्रममध्ये. मोरी कोरडी ठणठणीत होती. मोरीकडे मी यंत्र लावल्यापासून बघितलंच नव्हतं. आमच्या कार्यालयात पाणी सुटतं तिकडे बघायची पद्धत आहे, पोचतं तिकडे नाही.

"मीच घातली ती नळी," आई शांतपणे म्हणाली. "इतकं नितळ पाणी मोरीत सोडायचं? आणि तू म्हणे पाण्याच्या खात्यात."

मी हसायला गेलो, आणि मग लक्षात आलं. म्हणजे दोन आठवड्यांच्या वर तेच पाणी! एक थेंबही बदललेला नाही! पंधरवड्यात जाईल म्हणाले होते. सासऱ्यांचा चेहरा पडला होता, आणि टाकीत साहेब निवांत तोंडाची उघडझाप करत होते. हा जिवंत कसा?

तेव्हा बायको आतून आली. तिच्या हातात प्लास्टिकचा मग होता.

"रोज सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की मी बदलते," ती म्हणाली. "जुनं काढून झाडांना घालते, ताजं ओतते. एखादा मग जास्तच पडतो सवयीने. बाबांनी मला सांगितलं होतं ना, तुम्हाला कुठे?"

"अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"टाळ्या वाजवत होतात तुम्ही."

रोजचा तो जास्तीचा मग टाकीतून बादलीत, बादलीतून ड्रममध्ये जात होता. माझा शोध तेवढाच होता. मी नळ्या उपसायला लागलो, तर बायकोनेच हात धरला. म्हणाली, राहू दे यंत्र, सकाळी सातला त्याचा घूं झाला की मला आठवतं, पाणी बदलायचंय.

सासऱ्यांनी तिच्या हातातला मग घेतला आणि माझ्या हातात दिला.

यंत्र अजून चालू आहे. सकाळी सातला घूं होतं आणि मी मग घेऊन उठतो. सासरे येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगतात, आमच्या जावयांनी सगळं ऑटोमॅटिक केलंय. बटणसुद्धा दाबावं लागत नाही. पंप वाजला की जावई आपोआप चालू होतात.