नाथाशेठची हरकत

"काका, कृतिकाने माझ्या मागेच राहायचंय. तिने माझ्या आधी लाइन क्रॉस केली, तर मी बाद."

रसिका हे वाक्य नाथाशेठना आठवडाभर सांगत होती आणि नाथाशेठ आठवडाभर मोठ्या मनाने मान डोलावत होते. मान डोलावलेली रसिकाला दिसत नव्हती, कारण ती जन्मापासून पाहू शकत नव्हती. पण त्यानंतर ते जे बोलत, ते मात्र तिला स्वच्छ ऐकू येत असे.

"तुजं बराबर हाय गं. पन माजी पोर मागं राहील कशी? तिला जमनारच नाय."

रसिकाने कपाळावर हात मारून घेतला. ती कोपरला राहायची, दिवसा कॉल सेंटरमध्ये लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि पहाटे पंधराशे मीटर धावायची. त्यासाठी तिला शेजारून धावणारी गाईड लागे. दोघींच्या हातांत मिळून एक वीतभर दोरी. गाईडने वळण आले, सरळ रस्ता आला, पुढे कोण आहे, हे तोंडाने सांगायचे, धावपटूला ओढायचे नाही आणि शेवटची रेषा तिच्यानंतर ओलांडायची. ऐकायला सोपे वाटते. पण डोळे असलेली, रसिकापेक्षा जोरात पळणारी, आणि तरीही पुढे जाण्याची हौस नसलेली मुलगी शोधायला निघाले, की मग कळते.

पहिली गाईड संचिता. रसिकाबरोबर धावून धावून तिचा वेग इतका वाढला, की ती पोलीस भरतीत पास झाली. तिने पेढे आणून दिले. रसिकाने पेढा खाल्ला आणि त्या वर्षीची जिल्ह्याची निवड चाचणी घरी बसून काढली. दुसरीचे लग्न होऊन ती आंबिवलीला गेली. सासरचे म्हणाले, धावायची एवढी आवड आहे तर घरातच पुष्कळ धावपळ आहे. दुसरेही वर्ष बुडाले. यंदा सुट्टी देताना मॅनेजरने स्पष्ट सांगितले, की या वेळी राज्य स्पर्धेसाठी निवड झाली तर ठीक, नाहीतर हे धावण्याचे नाटक पुढच्या वर्षी चालणार नाही.

तेव्हा मिळाली ती कृतिका. खाडीकडच्या गावातली, नाथाशेठची एकुलती एक. नाथाशेठच्या वडिलांनी मिठागरात काम केले, नाथाशेठच्या जमिनीवर बिल्डिंगी झाल्या. गावदेवीच्या जत्रेतल्या शर्यतीत कृतिका कधी दुसरी आलेली नव्हती, आणि सगळी पंचाईत इथेच होती. सरावात फीत दिसली की तिला दुसरे काही म्हणजे काही दिसत नसे. ती सुसाट पुढे.

"सॉरी, सॉरी. सवय आहे गं," कृतिका धापा टाकत म्हणे.

"आंधळी मी आहे की तू?" रसिका विचारी.

चाचणीच्या चार दिवस आधी नाथाशेठनी कोपरच्या नाक्यावर बॅनर लावला. कृतिकाने तो रसिकाला वाचून दाखवला. "'राज्य स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल अजिंक्य धावपटू कुमारी कृतिका हिचे हार्दिक अभिनंदन.'"

"चाचणी रविवारी आहे," रसिका म्हणाली.

"मी बोलले बाबांना. ते बोलले, रविवारी प्रेस बंद असतो. पण तुझा पण फोटो आहे."

"कुठे?"

"खाली. आजोबांच्या आणि तीन काकांच्या खाली."

"आणि नाव?"

कृतिका जरा घुटमळली. "'व सहकारी' असं आहे."

दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची तक्रार कुठे नोंदवायची ते कळत नाही.

रविवारी सकाळी ठाण्याच्या मैदानावर दोन टेम्पो आले. पहिल्यातून गाव उतरले, दुसऱ्यातून बेंजो पार्टी. शेवटच्या रेषेसमोर सावली बघून त्यांनी ढोल, ताशा, स्पीकर, सगळे मांडले. मुख्य पंच कलावतीबाई आयुष्यभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी माईकवरून सांगितले, "प्रेक्षकांना नम्र विनंती. या धावपटूंना गाईडचा आवाज ऐकू येणं अत्यंत आवश्यक आहे. कृपया शांतता राखावी."

"ऐकलं ना रे?" नाथाशेठ बेंजोवाल्या पोपटला म्हणाले. "सुरू होईपरत कोनी वाजवायचं नाय."

त्यामुळे शर्यत सुरू झाली आणि बेंजोही सुरू झाला.

"वळण!" कृतिका ओरडली.

"काय?"

"वळण! लेफ्ट!"

"काय?"

तोवर रसिकाचा एक पाय हिरवळीवर गेला होता. चार जोड्यांत त्या दोघी चौथ्या. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेल्यावर जरा ऐकू येई, परत समोर आल्या की कृतिकाचे नुसते तोंड हलत असणार, असे रसिकाने गृहीत धरले. कलावतीबाईंनी माईकवरून तीनदा विनंती केली, पण माईकपेक्षा बेंजोचा स्पीकर मोठा होता. शेवटी शेवटच्या वळणावर उभ्या असलेल्या पंचालाच त्यांनी बेंजो बंद करायला पिटाळले. तो गेला, तर गावाने त्याला मध्ये घेऊन नाचवले.

आता रसिकाला राग आला. संचिताचा आला, आंबिवलीचा आला, मॅनेजरचा आला, आणि 'व सहकारी'चा तर फारच आला. बेंजो रेषेसमोरच आहे, म्हणजे ज्या दिशेने डोके उठते आहे तिकडेच आपल्याला जायचे आहे, हे तिच्या लक्षात आले. तिने वेग घेतला. एक जोडी मागे पडली, मग दुसरी.

"सोड ती दोरी!" नाथाशेठ कठड्यावरून ओरडत होते. "पल पुढं, कृतिका!"

शेवटच्या वळणावर कृतिकाचा हात मागे गेल्याचे रसिकाला दोरीतून जाणवले. शिकली एकदाची मागे राहायला, असे वाटून तिला एकदम भरून आले. त्याच भरात तिने सर्वांत पुढे असलेल्या वर्तकनगरच्या मुलीला मागे टाकले आणि छातीला फीत लागली.

पाणी पिऊन होते न होते तोच वर्तकनगरच्या मुलीचे कोच उत्तमसर कलावतीबाईंच्या टेबलापाशी पोचले. "मॅडम, गाईडने तिला ओढत आणलं. तीन राउंडभर शेवटी धावणारी पोरगी अशी अचानक सुटते का? आणि गाईड कोण आहे माहितीये? हे बघा." त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात कोपरचा बॅनर होता. "'अजिंक्य धावपटू'. हे त्यांनीच छापलंय, मी नाही."

कलावतीबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "गाईडने ओढलं असेल तर धावपटू बाद होते, हे खरं. पण वळणावरच्या पंचाला मीच तिथून हलवलं होतं. कोणी चित्रण केलं आहे का?"

चित्रण पुष्कळांनी केले होते. सगळ्यांनी नाचणाऱ्या पंचाचे केले होते.

"मॅडम, उलट कृतिकाच मागे होती," रसिका म्हणाली.

"बाळ, तू कसं सांगणार?" कलावतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होते हे उघड होते, आणि निकाल काय येणार हेही उघड होते. तिसरे वर्षही गेले, आणि तेही पहिली येऊन.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत नाथाशेठ आले. "मॅडम, माजी हरकत हाय."

"तुमचीही?"

"मंग? हिनं माजे पोरीला खेचत नेली. शेवटच्या वलनाला कृतिकाचा हात मागं, दोरी ताठ, आनि ही आपली पुढं पलतंय. फरफटवली पोरीला. सगल्या गावानं बगलं. पोपट, बोल."

"दोरी ताठ व्हती, मॅडम," पोपटने साक्ष दिली. गावानेही होकार भरला.

कलावतीबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे रसिका पुढे होती आणि गाईड मागे?"

"मागं म्हंजे? पार मागं. दमलीवती ती. सोडली असती तर बसली असती खाली."

हे सगळे टेबलावरच्या चालू माईकमधून मैदानभर गेले. उत्तमसरांनी मोबाईल खिशात ठेवला.

"गाईडने धावपटूला ओढू नये, असा नियम आहे," कलावतीबाई म्हणाल्या. "धावपटूने गाईडला ओढू नये, असा नियम माझ्या वाचनात नाही. निकाल कायम. रसिका पहिली, राज्य स्पर्धेसाठी निवड."

"मंजे माजं म्हननं मान्य?" नाथाशेठनी विचारले.

"अगदी शब्दशः."

नाथाशेठ छाती काढून गावाकडे वळले. गाव मात्र जमिनीकडे बघत होते. आपण काय बोलून बसलो, हे नाथाशेठना चार पावले गेल्यावर उमगले आणि ते तिथेच थांबले.

रसिकाने चाचपडत कृतिकाचा हात धरला. "मला वाटलं, तू मुद्दाम मागे राहिलीस."

"कसलं मुद्दाम. माझा दमच संपलेला," कृतिका कुजबुजली. "बाबांना सांगू नको हां."

"मी कशाला सांगू? त्यांनीच सगळ्यांना सांगितलं." रसिका हसली, पण लगेच तिने सुस्कारा सोडला. "म्हणजे आता राज्यासाठी तुझ्यापेक्षा फास्ट गाईड बघायला लागणार. आली परत शोधाशोध."

हे ऐकून नाथाशेठ तरातरा परत आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"दुसरी गाईड? माजे घरात पोर असताना?" ते म्हणाले. "उद्यापासून सकाली मी सोता उठवतो हिला. काय पलवायची ती पलव. पन राज्याला हिला तुजे मागं राहता आलंच पायजे, नायतर गावात तोंड दाखवायला जागा नाय."