मोटारीचं मचाण

कादरचाचा मोटारीचं फक्त वरचं अर्धं अंग दुरुस्त करत. बॉनेट उघडून जेवढं दिसेल तेवढं, शिवाय दारं, काचा, दिवे आणि हॉर्न, एवढं त्यांचं. गाडीच्या पोटाखालचं काही निघालं की ते फडक्याला हात पुसत आणि म्हणत, "वरचं बोला. खालचं यवतमाळले न्या." गिऱ्हाईक म्हणे, अहो मिस्त्री, यवतमाळपर्यंत चालली असती तर तुमच्या दारात कशाला ढकलत आणली असती? चाचा त्यावर विचार करत, मान हलवत, म्हणत, "हे बी खरं हाय," आणि पुन्हा हॉर्नकडे वळत. त्यामुळे त्या दिवसांत पांढरकवड्यात अशा बऱ्याच मोटारी होत्या ज्यांचे हॉर्न सुरेख वाजत आणि ब्रेक लागत नसत. म्हणजे हॉर्नची गरज होतीच.

आधी ते असे नव्हते. हैदराबादच्या सडकेला लागून त्यांचं घर, आणि घराच्या अंगणातच टिनाच्या छपराखाली गॅरेज. चाचा वरचं बघत आणि त्यांचा धाकटा भाऊ नूर गाडीखाली निजून खालचं बघे. एका दुपारी जॅक घसरला आणि नूर गाडीखालीच राहिला. त्याच्या मागे घरात तिघंच उरली. चाचा, त्यांची म्हातारी अम्मा आणि नूरची बायको हाजरा. चाचांची स्वतःची बायको फार आधीच वारली होती. हाजराला मूलबाळ नव्हतं.

आम्ही त्याच घराच्या दुसऱ्या बाजूला भाड्याने होतो. अंगण एकच. आमचे हे तहसिलीत चपराशी. आम्ही घरातले देव काढून दीक्षा घेतली त्या वर्षी गावात आम्हाला खोली मिळेना. नाव सांगितलं की खोली नुकतीच कुणालातरी दिलेली असे. चाचांनी नाव विचारलंच नाही. मोटार आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग जागा लय पुरते."

त्यांच्यात जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही. तिने डोक्यावरून पदर ओढून तोंड फिरवायचं. अशा घरात निरोपासाठी तिसरं माणूस लागतं. तिसरं माणूस अम्मा, पण ती कानाने ठार बहिरी. तिला सांगितलेला निरोप सडकेवरच्या ट्रकवाल्यापर्यंत जाई पण तिच्यापर्यंत जात नसे. म्हणून ते काम माझ्यावर आलं. माहेरी मला मुकी म्हणत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे, आणि इथे दोन माणसांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून.

मी अंगणात भांडी घासत असे. एकीकडे चाचा, चार हातांवर चुलीपाशी हाजराभाभी. चाचा म्हणत, "बाई, घरात सांगा, आज जेवाले वेळ होईन." भाभीला ते ऐकू आलेलंच असे. तरी मी म्हणायची, भाभी, चाचांना जेवायला वेळ होईल. मग ती म्हणे, "बाई, सांगा, भाकरी गार झाली तं मले बोलू नका." तेही चाचांना ऐकू आलेलं असे. तरी ते माझ्याकडे बघत थांबत. मी माझ्या तोंडाने बोलून पुरं करेपर्यंत त्यांच्या लेखी ते बोललं गेलेलंच नसे. एकदा वरणात मीठ जास्त झालं त्या दिवशी दोघांचं भांडण झालं, आणि ते सगळं मला एकटीला भांडावं लागलं. मध्येच मी हसले तर दोघंही माझ्यावरच रागावले.

नूर गेल्यावर विधवेने घरातच बसायचे इद्दतीचे दिवस संपले तसा महागावहून भाभीचा भाऊ आला. म्हणाला, आता इथे तुझं काय आहे, चल. भाभीने मला भिंतीशी बोलावलं. तिला जायचं नव्हतं. भावाच्या घरी म्हैस कुणी बघायची, धुणं कुणी धुवायचं, हे भावजयीने आत्ताच ठरवून ठेवलं होतं. "तिथं मी मोलकरीण होईन, बाई. पण या आंगनात पुन्हा कोनी मोटारीखाली निजलेला दिसला तं माहं काळीज फुटन. त्यायले सांगा." मी सांगितलं. चाचा भिंतीकडे बघून म्हणाले, "सांगा, इथं कोनीच निजनार नाई."

भाऊ पक्का होता. म्हणाला, गाडीखाली कुणी जाणार नाही तर मिस्त्री खाणार काय आणि हिला खाऊ घालणार काय? कापूस घरात आला की मी दमणी जुंपून येतो. तोवर धंदा सुरळीत दिसला तर ठीक, नाही तर हिला घेऊन जातो. त्याचं चूक नव्हतं. अंगणात गाडी येईनाशी झाली होती. ब्रेकसाठी येणारा माणूस हॉर्नवर किती दिवस समाधान मानणार?

चाचांनी आधी खड्डा खणला. गाडी वर उभी करायची आणि माणसाने खड्ड्यात उभं राहून काम करायचं, असं मोठ्या गावात असतं म्हणे. पण आमच्याकडची जमीन काळी. पाऊस पडला की ती फुगते आणि कडा आत ढासळतात. खड्ड्यात पाणी साचलं, बेडकं आली. तेवढंच असतं तर चाचांनी विटा लावून घेतल्या असत्या. पण भाभी एका सकाळी दाराशी आली आणि तिने खड्डा पाहिला. लांबी माणसाएवढी, रुंदी माणसाएवढी. तिने तोंडाला पदर लावला आणि मला एकच शब्द सांगितला, "बुजवा." तो निरोप मी पोचवायच्या आधीच चाचांनी फावडं उचललं होतं. त्या एका वेळी ते माझ्यासाठी थांबले नाहीत.

मग त्यांच्या डोक्यात आलं की माणूस खाली जात नसेल तर गाडी वर न्यायची.

गावाबाहेर एक बंद पडलेला जिन होता. तिथल्या कापूस दाबायच्या प्रेसचे दोन मोठे लोखंडी स्क्रू गवतात पडून होते, माणसाच्या मांडीएवढे जाड. ते चाचांनी बैलगाडीने आणले. झरीकडून सागाचे खांब आणले. छपराचे टिन सरकवून खांब उभे केले, स्क्रू उभे बसवले, त्यांवर फळ्यांचा माचा बसवला. एका उभ्या खुंटातून आरपार आडवं लांब लाकूड, त्याला लाट म्हणत, ती फिरली की पट्ट्याने दोन्ही स्क्रू फिरत आणि माचा स्क्रूच्या आट्यांवरून वर चढे. मला यंत्रातलं कळत नाही, पण चाचा मला रोज समजावत, कारण भाभीला समजावता येत नव्हतं. ती दाराआड उभी आहे हे त्यांना माहीत असे. "बाई, जॅक दगा देते. आटा नाई देत. जेवढा फिरवला तेवढाच चढते अन् तिथंच राह्यते. बैल मेला तरी राह्यते, मी मेलो तरी राह्यते." मी ते तसंच्या तसं भाभीला सांगायची. ती म्हणे, "मरायची गोष्ट काहून करता म्हनावं."

गावाने त्याला मोटारीचं मचाण नाव दिलं. येता-जाता लोक विचारत, मिस्त्री, कोणता वाघ मारून राह्यले? चाचा खरंच उत्तर देत, म्हणत वाघ नाही, मोटार.

ते पारखून बघत. आधी सरकीची पोती वर चढवली, मग दगड. चढवले की खाली जाऊन उभे राहत. काही करत नसत, नुसते उभे. दुपारभर. उन्हात अम्मा त्यांच्यासाठी पाणी घेऊन जाई आणि मचाणाकडे बघून म्हणे, "हे कवा पडते?" पडलं नाही. मग ते पोती वरूनच खाली फेकत आणि रिकामा माचा हाताने उतरवत.

गाडीला जोर जास्त लागणार म्हणून त्यांनी तेलघाणीवरचा एक म्हातारा बैल आणला. घाणी बंद पडली होती, बैल मात्र अजून चालत होता. डोळ्यांना झापडं लावली की निघे.

पहिली मोटार वकीलसाहेबांची. बाजाराचा दिवस होता, अंगणात आणि सडकेवर गर्दी. वकीलसाहेब म्हणाले, मी गाडीत बसूनच वर जाईन, लोकांचा विश्वास बसेल. काळा कोट घालून ते बसले. बैल निघाला. आटे कुरकुरले आणि मोटार वकिलासकट हळूहळू वर गेली. वकीलसाहेबांनी काचेतून हात हलवला. चाचा गाडीखाली सरळ उभे राहिले, डोकं टेकलं नाही, आणि त्यांनी खालून ब्रेकचं जे काय होतं ते उभ्याउभ्या केलं. किती महिन्यांनी त्यांचे हात गाडीच्या पोटाला लागले होते.

मग म्हणाले, आता उतरवा.

बैल उतरवेना. घाणीचा बैल जन्मभर एकाच बाजूने फिरलेला. त्याला तोंड फिरवून जुंपलं तर तो जुवातच वळला आणि पुन्हा आपल्या बाजूने दोन पावलं गेला. मोटार आणखी वर. वरून वकीलसाहेब ओरडले. पेंड दाखवली, शेपूट पिरगाळली, झापडं काढली. झापडं काढल्यावर त्याने पहिल्यांदाच आपण कुठे आहोत ते पाहिलं आणि तो खाली बसला. चाचा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, मी वर जायाचंच पाह्यलं. खाली यायाचं ध्यानातच नाई आलं."

वकीलसाहेब उंचीला घाबरत हे तेव्हा कळलं. दोन पक्षकार खाली उभे राहून आपली फिर्याद सांगत होते आणि ते वरून, डोळे मिटून, सल्ला देत होते. शेवटी शिडी लावून त्यांना उतरवलं. ते तरातरा निघून गेले, संध्याकाळपर्यंत गाडी जमिनीवर पाहिजे म्हणाले. लाट माणसांनीच उलटी ढकलावी असं चाचांनी सुचवलं, तर लोक हसले. भर बाजारात घाणीला जुंपून घ्यायला कोण तयार होईल? एकाने तर बैलालाच विचारलं, तुझ्या जागी मी चालेन का. हसून हसून सगळे बाजाराकडे गेले. चाचांनी फाटक लावून घेतलं.

कापूस घरात यायला लागला होता. भाभीचा भाऊ आज-उद्या येणार होता, आणि अंगणात एक मोटार अधांतरी.

चाचांनी लाटेचं एक टोक धरून जोर लावला. एका बाजूने जोर आला की खुंट कलंडे आणि अडके. दुसऱ्या टोकाला माणूस हवं होतं. ते पुन्हा पुन्हा ढकलत राहिले. मी ओट्यावरून पाहत होते. मी पदर खोचला आणि उठले, तोवर भाभी दारातून बाहेर आली होती. नूर गेल्यापासून तिने छपराखाली पाय ठेवला नव्हता. तिने पदर पुढे ओढला, मोटारीखालून सरळ चालत गेली आणि लाटेचं दुसरं टोक धरलं.

लाट हलली. दोघं दोन टोकांना, मध्ये खुंट. एक पुढे गेलं की दुसरं तेवढंच पुढे. अंतर तेवढंच राहत होतं, तोंडं एकमेकांना दिसत नव्हती. आटे कुरकुरत होते, मोटार बोटबोट खाली येत होती.

मग भाभीचा आवाज आला. "त्या दिवशी त्यायनं गाडीखालून आवाज देल्ता का?"

सवयीने मी तोंड उघडलं. मग मिटलं. तो प्रश्न माझ्या तोंडून जायचा नव्हता.

लाट थांबली. चाचा टोक धरून तसेच उभे. म्हणाले, "देल्ता. मी वर इंजनात हात घालून होतो. मले वाटलं पाना मागून राह्यला. मी म्हनलं, थांब."

"मंग?"

"मंग तो थांबला."

चाचांनी कपाळ लाटेवर टेकलं होतं. भाभी पलीकडे तोंड करून उभी होती. पदराने तिने तोंड पुसलं, दोन्ही हात पुन्हा लाकडावर ठेवले आणि म्हणाली, "चला, भाईजान. गाडी अर्ध्यातच हाय."

चालली लाट. मोटार जमिनीला लागली तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. भाभी आत गेली आणि तिने चूल पेटवली. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं पुन्हा माझ्याच तोंडून सुरू झालं. मीठ, सरपण, अम्माचं औषध.

काही दिवसांनी भाऊ दमणी घेऊन आला. एव्हाना मचाणावर ट्रकवाल्यांची एक जीप चढवली होती. उतरवायला चाचांनी बाजारातला एक हमाल ठरवला होता. चाचा जीपखाली उभे होते, दोन्ही हात वर, कोपरापर्यंत काळे. आत भाऊ-बहिणीचं बोलणं दार लावून चाललं होतं, बाहेर काही ऐकू येत नव्हतं. भाऊ चहा पिऊन एकटाच निघाला. भाभीने दार किलकिलं करून मला निरोप दिला आणि मी छपराकडे गेले.

आजवर मी त्यांना त्यांनी ऐकलेलंच सांगत आले होते. हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, चाचा, भाभी म्हणते, मी इथेच राहते.

"पुन्हा सांगा, बाई."

मी पुन्हा सांगितलं.

"आनखी एक डाव."

मी सांगितलं. त्यांची मान वरच होती. गाडीचं काहीतरी जड त्यांनी तळहातांवर तोलून धरलं होतं, ते सोडता येत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते.