दोन हातांची बढती

प्रसूतिशास्त्र विभागाच्या प्रमुखपदी डॉ. वैजयंती खेर्डेकर यांच्या दोन्ही हातांची नेमणूक झाली. उरलेल्या वैजयंतीबाई सहायक प्राध्यापकच राहिल्या.

आस्थापनेतल्या तांबोळींनी आदेश वाचून दाखवला. "हात अत्यंत कुशल. आडवं बाळ पोटावरूनच फिरवण्यात जिल्ह्यात तोड नाही. मात्र उर्वरित उमेदवाराच्या नावावर दोन बाळंतपणांच्या रजा आहेत."

"याआधीच्या सात प्रमुखांचं काय केलं होतं?"

"ते अखंड रुजू झाले, मॅडम. पुरुषांचे भाग पाडायची पद्धत नाही."

सोमवारी नऊच्या ठोक्याला हात केबिनमध्ये गेले. नियमाप्रमाणे त्यांना आवारातच निवासस्थान मिळालं, म्हणून ते संध्याकाळीही घरी आले नाहीत. वैजयंतीबाई ओपीडीत बसू लागल्या. त्या तोंडाने सांगत आणि सिस्टर लिहून घेत. घरी नवरा घास भरवायचा, नीट चावू देऊन. धाकटी शर्वरी आठवडाभरात आपली वेणी आपण घालायला शिकली. वेणी तिरपी यायची. वैजयंतीबाई बघत बसायच्या.

सही, कात्री, चहाचा कप यांची त्यांना फारशी आठवण येत नसे. आठवण यायची ती तळव्याखाली सरकणाऱ्या बाळाच्या डोक्याची. ताणलेल्या कातडीखाली ते टणक, गोल काहीतरी हलकेच बाजूला व्हायचं, जणू कुणी झोपेत कूस बदलतंय. एकवीस वर्षं ते रोज हाताला लागत होतं. आता पोट तपासायचं असलं की त्या ज्युनिअर डॉक्टरला विचारायच्या, "कसं लागतंय?" तो म्हणायचा, "नॉर्मल." एवढंच.

श्रावणात रेश्मा तडवी आली. पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळ आडवं. प्रमुखांना पाचारण झालं. हात आले, धुतले गेले, पोटावर टेकले. रेश्मा किंचाळली. नुसतेच हात तिने कधी पाहिले नव्हते. पोट दगडासारखं घट्ट झालं. हात थांबले, पुन्हा टेकले, पुन्हा थांबले. तासभर हेच. बाळाचे ठोके मंदावू लागले तशी सिस्टर ओपीडीकडे धावली.

वैजयंतीबाई येऊन रेश्माच्या उशाशी उभ्या राहिल्या.

"कुठल्या पाड्याची गं तू?"

रेश्माने रडत गावाचं नाव सांगितलं.

"तिथल्या विहिरीला पाणी आहे का अजून?"

"हाय... बाई, ते हात कोनाचे?"

"माझेच आहेत. भिऊ नको. श्वास सोड. अजून सोड."

पोट सैल पडलं. हातांनी बाळाला वळवलं, ठोके पूर्ववत झाले आणि तिसऱ्या प्रहरी रेश्माला मुलगी झाली. सगळे तिच्याकडे बघत असताना डावा हात वैजयंतीबाईंच्या गालाला लागला आणि तिथेच राहिला. तो ओला होता. त्यांनी डोळे मिटले. मग प्रमुखांना राउंडची आठवण करून देण्यात आली.

महिन्याभराने तांबोळी हसतमुखाने ओपीडीत आले. "अभिनंदन, मॅडम. त्या केसची वर दखल घेतली गेली. उपप्रमुखपदासाठी आपल्या आवाजाची निवड झालीय. सोमवारपासून रुजू."

"आणि मी?"

"आपण आहात तिथेच. पण बघा ना, विभागात आता दोन जागा बाईमाणसाकडे! असं कधी झालं नव्हतं."

वैजयंतीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोर प्रमुखांची केबिन होती. पडद्याच्या फटीतून टेबलावर एकावर एक ठेवलेले हात दिसत होते. सोमवारपासून आवाजही तिथेच असणार होता, त्यांच्याजवळ. क्षणभर त्यांना त्याचा हेवा वाटला.

"मग काय कळवू?" तांबोळींनी पेन उघडलं.

"लिहा. आवाज नाही म्हणाला."

"कारण?"

"यायचं तर सगळ्यांनी मिळून यायचं, असं म्हणाला."

तांबोळींनी जसंच्या तसं लिहिलं आणि कागद विभागप्रमुखांच्या सहीसाठी आत पाठवला. तो पाच मिनिटांत परत आला. सही झाली होती. खाली शेरा होता, 'सहमत', आणि त्याखाली हातांचा राजीनामा.