पेटीवरची दोन अक्षरं

मांडवीतल्या घरापुढच्या खळ्यात करीमचाचा पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने दोन इंग्रजी अक्षरं काढत होते. एच. ओ. तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केल्यावर डबे ओळखण्यापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं.

"अब्बा, सारवल्या खळ्यात रंग सांडलात! आणि आत काय, पुन्हा रद्दी?" हफीजा कडाडली. बंदरोबंदरी ते मुलीसाठी पुस्तकं घेत, जाडी बघून. त्यामुळे तिच्याकडे रेल्वेची तीन जुनी वेळापत्रकं आणि गुरांच्या रोगांवरचा एक ग्रंथ होता.

"अक्षरं असली म्हंजे दुसऱ्याचा हात लागत नाय," एवढं बोलून त्यांनी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी शेजारी समाचाराला आले आणि सगळ्यांची नजर पेटीवर गेली. मामलेदार कचेरीतले हरिश्चंद्र ताडकन उठले. "हुजूर ऑफिस! सरकारी जिन्नस हाय. उघडू नको गो!" कचेरीतून लाख आणून त्यांनी कुलपावर मोहोरही उमटवली. किल्ली हफीजाच्या हातातच राहिली.

"हुजूर कसला?" दवाखान्यातला कंपाउंडर सखाराम दोन पावलं मागे सरला. "हेल्थ ऑफिसर! बोटीवर साथ होती वाटतं. पेटी जाळायलाच हवी."

"जाळतोस काय, मेल्या?" पोस्टमन विठूने एक कडी धरलीसुद्धा. "हेड ऑफिस. पत्ता नाय, म्हंजे बेवारशी. मुंबईस धाडतो."

हफीजा पेटीवरच बसली. "माझ्या बापाच्या पेटीत तुमच्या तिघांच्या कचेऱ्या मावल्या! बाप तेवढा कुणाला दिसला नाय!"

एवढ्यात हर्ण्याहून रमजान आला, करीमचाचांच्या जहाजावरचा खलाशी. अक्षरं बघून तो डोळे पुसत हसला. "कॅप्टनच्या चहाच्या डब्यावर सी. ओ. असायचं. कॅप्टन ओन्ली. त्याला कोण शिवत नसे. करीमनं मला इचारलं, हफीजाचं पयलं अक्षर कुठलं?"

"मग तसं सरळ लिहायचं," हरिश्चंद्र पुटपुटले.

हफीजाने वरवंट्याने मोहोर फोडली. आत मेणकापडात गुंडाळलेला जाडजूड शब्दकोश होता. शेवटी संक्षेपांची यादी होती. विठूने मध्ये डोकं घालून 'हेड ऑफिस' शोधलं आणि तो खूश झाला. अब्बांचा अर्थ यादीत नव्हता.

तिने कोश मिटला. खळ्यातला पांढरा डाग अजून तसाच होता.

"अब्बा," ती त्या डागाकडे बघत सगळ्यांदेखत म्हणाली, "ती वेळापत्रकं रद्दी नव्हती. सगळी वाचलीत मी. शेवटच्या स्टेशनापर्यंत."