पाल्याचा जोर

कोणताही शोध दोनदा लागतो: एकदा प्रयोगशाळेत, एकदा सत्कारात. टिकतो तो दुसरा.

मामांची भाची जंतुशास्त्रज्ञ होती आणि तिचा शोध पहिल्या प्रकारचा, म्हणजे किरकोळ होता. औषधाला न जुमानणारे जंतू तिनं काचेच्या बशीत वाढवले. नुसत्या औषधानं ते मेले नाहीत, नुसत्या पाल्याच्या अर्कानंही नाहीत; दोन्ही एकत्र दिल्यावर मेले. (बशीत.)

तिच्या संस्थेच्या संचालकांनी निवेदन काढलं. 'बशी' हा शब्द जागेअभावी गाळला, 'औषधासोबत' हा शब्द वाक्य जड होत होतं म्हणून. उरलं ते सुटसुटीत होतं: पाल्यापुढे जंतू शरण! दुसऱ्याच दिवशी संस्थेचं कुंपण बोडकं झालं. (कुंपणाची झाडं वेगळीच होती. श्रद्धेला पानाचा आकार आड येत नाही.)

मामांना मधुमेह, त्यात पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी अर्ध्यातच सोडल्या आणि पाल्याचा काढा सुरू केला.

"मामा, पाल्यानं गोळीला जोर येतो. गोळीच नसेल तर जोर यायचा कुणाला?"

"जोर पाल्यातच आहे ना? मग मधला दलाल कशाला पोसायचा?"

"अहो, ते सगळं बशीत झालं!"

"मीही बशीतूनच पितो."

अंगठा काळा पडला तेव्हा मामांना रुग्णालयात हलवलं. जखमेतला नमुना तपासायला भाचीकडेच आला. तिनं औषध घातलं, अर्क घातला, दोन्ही घालून पाहिलं. अर्धवट गोळ्या आणि काढा पचवलेले जंतू मजेत वाढले. ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

अंगठा कापावा लागला. शिरेतून दिलेल्या जालीम औषधानं पाय वाचला.

"बघ, पाल्याची किमया!" मामा शुद्धीवर येताच म्हणाले.

"आणि अंगठा?"

"तो गोळ्यांनी घालवला."

संस्थेनं मामांना लाभार्थी म्हणून सत्काराला बोलावलं. व्यासपीठावर चढताना भाचीनंच त्यांना आधार दिला. यशाचं प्रमाण शंभर टक्के असल्याचं संचालकांनी जाहीर केलं. (लाभार्थी: एक.) भाचीनं माईक ओढून घेतला. "हा पाला एकट्यानं काहीही करत नाही," ती जवळजवळ ओरडलीच. शास्त्रज्ञ असूनही किती हा विनय, म्हणून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वाचक सुज्ञ आहेत, म्हणून पाल्याचं नाव इथे दिलेलं नाही. ते शोधायला ज्यांनी वरच्या ओळी पुन्हा चाळल्या, त्यांनी तो उपाशीपोटी घ्यावा.